बाबांच्या खाटेमागची बाटली

माह्या डोक्यात राग पहिले येते, अक्कल मागून. रिसोडच्या घरी माशांची काचेची टाकी होती, तेव्हाची गोष्ट. टाकीतली झाडं पिवळी पडून राह्यली होती. त्याईले कार्बन डायऑक्साइड गॅस द्या, असं मोबाईलवर पाह्यलं. मंग कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत साखर, कोमट पाणी अन् बेकरीतून आणलेलं यीस्ट टाकलं, बुचाले भोक पाडून सलाईनची नळी चिकटवली अन् तिचं दुसरं टोक टाकीत सोडलं. दुसऱ्या दिवशी टाकीत बुडबुडे! गावभर सांगत फिरलो. टाकी बाबांच्या खोलीत होती, म्हणून बाटली त्यांच्या खाटेमागं ठेवली.

बाबांनी दारू सोडून चार वर्षं झाली होती. बहिणीच्या लग्नात तिच्या सासऱ्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता, "आता थेंबबी नाही." पाळलाही होता.

एका सकाळी तेच व्याही मालेगावहून आले. मी चहा घेऊन खोलीत शिरलो अन् भपकन दारूचा वास आला, खाटेजवळूनच. माहं टाळकंच सटकलं.

"लाज नाही वाटत काय? याईलेच शब्द दिला होता ना तुमी? मले काय येडा समजता?"

व्याही खाली पाहत बसले. म्हटलं, लपवलेली बाटली काढूनच दाखवतो, अन् खाट ओढली.

बाटली निघाली. माहीच. टाकीतलं नळीचं टोक शेवाळानं बुजलं होतं. गॅसले जागा नव्हती, बाटली फुगून विटेसारखी टणक झाली होती. दाबानं बुचाजवळचा जोड उकलला होता अन् तिथून आंबलेला फेस बाबांच्या गोधडीवर उतरत होता. साखर अन् यीस्टची दारूच होते, एवढंही मले सुचलं नव्हतं.

व्याही हसले. "घ्या! पोरगा माशाईले पाजून राह्यला!"

मले हसू आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बसून बाबांचे पाय धरले.

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "वास त मलेबी चार रोजापासून येत होता. मले वाटलं, तूच प्याले लागला."

"मंग बोलले काहून नाही?"

"घरात कोणी ना कोणी राह्यते. तू एकटा सापडायची वाट पाहून राह्यलो होतो."