आईचा खोकला आणि रावेरची मावशी

सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणतात. आमच्या बुऱ्हाणपुरातल्या, बुधवारा पेठेतल्या घरात सुंठ संपली, अडुळसा संपला, ज्येष्ठमध संपलं, पण आईचा खोकला जागचा हलला नाही. कोरडा खोकला. बोलायला तोंड उघडलं की सुरू.

सल्ले द्यायला अख्खी गल्ली तयार. इतवाऱ्यातली काकू म्हणाली, "तापीचं पानी सोसत नसेल." जन्म त्या पाण्यावर गेला, तरी हे ऐकून घ्यायचं. कागदाच्या मिलमधून निवृत्त झालेले वडील म्हणत, "आमच्या क्वार्टरात सगळेच खोकायचे." म्हणजे मिटलं! मला या सगळ्यांचा संताप यायचा.

आईच्या मनात मात्र टीबीची भीती बसली होती. एक्स-रे स्वच्छ आला, थुंकीत काही निघालं नाही, तरी तिनं आपलं ताट-भांडं वेगळं काढलं. माझ्या मुलीला ती जवळसुद्धा घेईना.

त्यातच रावेरच्या मावशीला कॅन्सर निघाला. आई आणि मावशी, दोघीच बहिणी. आईनं जायला पिशवी भरली. तेवढ्यात मावशीच्या सुनेचा फोन आला, की किमो सुरू झालीय, डॉक्टरांनी बजावलंय, खोकणारं माणूस खोलीत नको. ती बिचारी चाचरतच बोलत होती. आईनं पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले.

मग व्हिडिओ कॉलवर भेटी. मावशीच्या डोक्यावर रुमाल, आवाज खोल गेलेला. "तू कधी येशील गं?" ती विचारायची. "हा खोकला गेला का येते बाई," आई म्हणायची, आणि उबळ आली की फोन माझ्या हातात द्यायची. बुऱ्हाणपूर ते रावेर, तासाभराचा रस्ता. बसा सुटत राहिल्या. आई थांबली, मावशी थांबली नाही.

तेराव्यालाही आई मांडवाच्या कडेला, तोंडाला रुमाल बांधून बसली होती.

परतल्यावर मी तिला जबरदस्तीनं एका नव्या डॉक्टरांकडे नेलं. "दुसरं काही औषध चालू आहे?" त्यांनी विचारलं. "काही नाही," आई म्हणाली. आधीच्या डॉक्टरांनाही तिनं हेच सांगितलं होतं. मीही शेजारी बसून मान डोलावली.

डॉक्टरांनी बीपी मोजलं. "या वयात, गोळीशिवाय इतकं छान?"

"छे, ते तर गोळीनं हाय."

"अहो, मग काही नाही असं का म्हणालात?"

"ती रोजची हाय, डॉक्टरसाब. ती काय दवाई थोडीच हाय?"

खोटं बोलत नव्हती ती. आमच्याकडे औषध म्हणजे दुखणं आल्यावर घेतात ते. बीपीची गोळी सकाळच्या चहाआधी घ्यायची, चष्मा लावावा तशी. गल्लीतल्या निम्म्या बायका घेतात, औषधात कुणीच धरत नाही.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं. ते आईच्या पर्समध्येच होतं. या जातीच्या गोळीनं काही जणांना असाच कोरडा खोकला सुरू होतो, ते म्हणाले. "मनानं बंद करू नका. मी बदलून देतो. काही आठवड्यांत जाईल." काखेत कळसा अन् गावाला वळसा! मला क्षणभर चक्क आनंद झाला.

आई मात्र खुर्चीच्या कडेवर सरकली होती. "मंजे हा कोणाला लागनारा नव्हता?"

"अजिबात नाही."

"किमो चालू असलेल्या मानसाला बी नाही?"

"नाही हो. हा लागणारा खोकलाच नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, उबळ आली. मी पाण्याची बाटली उघडून पुढे केली. तिनं ती बाजूला सारली. ती रडत होती.

"मी तिचे पाय तरी चेपले असते रे," ती म्हणाली.