तुरीच्या वावरातलं बाळंतपण

नागपुरात मनीषनगरला रेल्वेलाइनीच्या अलीकडे, एका जिन्याखालच्या जागेत पुष्पलताचं शिलाईचं दुकान होतं. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज ती शिवायची. माप घेताना बोलायची नाही. दूर कुठंतरी पाहत राहायची, आपल्याला वाटायचं हिचं लक्षच नाही. ब्लाऊज मात्र असा बसायचा की नावं ठेवायला जागा नसायची. वय त्रेचाळीस, लग्न झालेलं नाही. आईवडील गेले, धाकटी बहीण कामिनी लग्न होऊन नंदनवन वस्तीत गेली आणि ही मशीनवर बसून राहिली. तरी तिच्याकडे पाहून कुणाला कीव आली नाही. मशीन चालू असली की ती कुठल्यातरी बऱ्या जागी गेलेली असायची, हे दिसायचं.

एका डिसेंबरात तिच्या दुकानापुढं एक टेम्पो थांबला. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, थोडा वाकून चालणारा माणूस खाली उतरला. खांद्यावर रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा.

"बाई, पोत्याचे पडदे शिवून द्याल का जी?"

"कशाले पाह्यजे?"

तो थांबला. कारण ऐकून दोन दुकानवाल्यांनी त्याला आधीच परत पाठवलं होतं. "डुकराच्या पिल्लाईसाठी," तो म्हणाला. "थंडी लय पडून राहिली. जलमते तवा लेकरू ओलं असते, अंगावर ना चरबी ना केस. गारठ्यानं मरते."

"केवढं असते पिल्लू?"

त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं धरली. त्या रिकाम्या ओंजळीकडे पुष्पलता बराच वेळ पाहत राहिली, असं तिनंच मला पुढं सांगितलं. मग तिनं मशीनला जाड सुई लावली.

हा चंपतराव. उमरेड रोडनं, पाचगाव ओलांडलं की आत त्याचं वावर. आधी तो बसच्या बॉड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर होता. कारखाना बंद पडला, तसं त्यानं वराहपालनाचं ट्रेनिंग घेतलं आणि वाटणीच्या जमिनीवर शेड टाकलं. भावांच्या घरात त्याचं ताट वेगळं झालं. पोरगी द्यायला कुणी आलं नाही, आणि त्यानंही फार शोधली नाही.

पडदे घेऊन गेला, पुन्हा पडदे शिवायला आला. मग तुरीच्या शेंगा घेऊन आला. मग शिवायला काही नसतानाही यायला लागला. बाकावर बसून डुकरांच्या गोष्टी सांगायचा. त्यांना घाम येत नाही म्हणून ती चिखलात लोळतात, नाहीतर डुकराइतकं स्वच्छ जनावर नाही. झोपायचा कोपरा वेगळा, घाणीचा वेगळा, आणि त्यात कधी चूक होत नाही. पुष्पलता ऐकत शिवत राहायची.

त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं लगेच हो म्हटलं नाही. म्हणाली, "आधी जनावरं पाह्यते."

ती गेली त्या सकाळी वावरावर धुकं होतं. तुरीचे शेंडे तेवढे वर तरंगत होते. शेडचा पत्रा दिसत नव्हता, नुसते आवाज येत होते, खोल घशातले, संथ. मग धुक्यातून पांढरी अंगं एकेक करून वर आली. काहींचे कान ताठ उभे, ती यॉर्कशायर जातीची. काहींचं अंग लांबलचक आणि कान डोळ्यांवर पडलेले, सासरी आलेल्या पोरीनं पदर ओढून घ्यावा तसे. ती लँड्रेस, चंपतराव म्हणाला. कोपऱ्यात एक गावठी काळी, सगळ्यात बारकी आणि सगळ्यात रागीट. चुलाणावर हॉटेलांतून आणलेलं अन्न पुन्हा उकळत होतं. "तसंच टाकलं तर रोग येते," म्हणत त्यानं त्यात मक्याचा भरडा, तांदळाचा कोंडा आणि थोडी तेलाच्या पेंडीची ढेप टाकली. वास होता. पण थोड्या वेळानं त्यातून शिजलेल्या मक्याचा वास निराळा झाला, आणि मग तोच येत राहिला.

एका तरण्या मादीच्या पाठीवर चंपतरावानं दोन्ही तळहात टेकवून भार दिला. ती हलली नाही. कान ताठ करून, डोळे अर्धे मिटून उभी राहिली.

"काय झालं तिले?"

"माजावर आली. एरवी हात लावू देत नाई, पळते. आज नर दाखवाचा." नर पलीकडे वेगळ्या आवारात होता, भंडाऱ्याकडून आणलेला. घरच्या नराला घरच्याच पोरी दिल्या की वंश दुबळा होतो, म्हणून तो दर दोन वर्षांनी नर बदलायचा.

पुष्पलता त्या मादीकडे पाहत होती. लांबून येणारं गाणं नीट ऐकू यावं म्हणून कुणी उभं राहावं, तशी मादी उभी होती.

"हिचं नाव काय?"

"नाव नाई ठेवत जी आमी."

"पॉपलिन," पुष्पलता म्हणाली. त्या एका सकाळीच तिनं सगळ्या माद्यांना नावं दिली. मलमल, ऑर्गंडी, जॉर्जेट. काळीचं नाव मांजरपाट.

कामिनीनं ऐकलं आणि ती तडक नंदनवनहून आली. "ताई, तुले दुसरा कोनी भेटला नाई का? डुकरं? लोकं काय म्हन्तीन?"

"तो मानूस बोलते तवा मले झोप येते."

"ही काय गोष्ट झाली?"

"चांगली झोप येते वं."

पुढच्या दिवाळीनंतर दोघांनी कोर्टात लग्न केलं. पुष्पलता फिक्या पिवळ्या रंगाची कॉटनची साडी नेसली होती. कामिनी आली नाही.

जानेवारीत पॉपलिनचे दिवस भरत आले. तिची पहिली वेळ वाईट गेली होती. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी ती सिमेंटची जमीन पायांनी उकरत राहिली, नाकाड सोलून निघेस्तोवर भिंतीला घासत राहिली, मग उठबस करता करता तिच्याच अंगाखाली निम्मी पिल्लं चेंगरली. मोठ्या शेडमध्ये असं व्हायचंच. पिल्लांना सरकायला जागा राहावी म्हणून चंपतरावानं भिंतीच्या कडेनं लोखंडी पाइप जोडले होते, वेल्डरच तो. तरी मरायची. "या टायमाले डोकं फिरते तिचं," असं तो म्हणायचा.

या खेपेला त्यानं तिला आंघोळ घालून वेगळ्या खोलीत ठेवलं, खाणं कमी केलं. सकाळी आचळ दाबून पाहिले. "दूध उतरून राहिलं. रात्रीपर्यंत होईन. मी लकडगंजातून भुसा घेऊन येतो, तू लक्ष ठेव." आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा तो जमिनीवर पसरायला आणायचा. टेम्पो गेला.

पुष्पलतानं धुणं वाळत टाकलं. पिवळी साडीही त्यात होती. हिवाळ्याचं ऊन, खाटेवर टेकली तशी तिची पापणी मिटली. स्वप्नात ती न संपणारं कापड कापत होती आणि कात्रीचा आवाज पाल्यातून चालल्यासारखा येत होता. जाग आली तेव्हा दोरीवर साडी नव्हती. खोलीचं दार उघडं, कडी लोंबत होती.

शेडच्या मागून दिराचं तुरीचं वावर सुरू व्हायचं. तिथं झाडं दोन्ही बाजूंना कलली होती, मधून कुणीतरी सावकाश गेलं होतं. पुष्पलता त्या वाटेनं आत शिरली. तूर तिच्या डोक्यावरून वर, वाळत आलेल्या शेंगा खांद्याला लागून वाजत होत्या. बाहेरचा आवाज मागं राहिला. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाजही आत येत नव्हता. किती आत गेली तिला कळलं नाही.

वावराच्या मधोमध पॉपलिननं जमीन उकरून खोलगट जागा केली होती. कडेनं तुरीच्या फांद्या मोडून रचलेल्या. आत गवत, पालापाचोळा. आणि सगळ्यात वर पिवळी साडी, दातांनी ओढून, नाकाडानं ढकलून नीट पसरलेली. पॉपलिन तिच्यावर उभी होती. तिनं पुष्पलताकडे पाहिलं आणि पुन्हा तोंडात गवत घेतलं.

पुष्पलतानं फोन लावला. हळू आवाजात सगळं सांगितलं.

"जवळ जाऊ नको," पलीकडून चंपतराव म्हणाला. "अंगावर येईन. दुरून बस फक्त. मी निघालो."

ती तिथंच मातीत बसली. पॉपलिन गुडघ्यांवर वाकली, थांबली, मग एका कुशीवर सावकाश लवंडली. उठबस नाही, तडफड नाही. थोड्या वेळानं पहिलं पिल्लू आलं. नाळ मागं ओढत, लडबडत, ते आईच्या मागच्या पायाला वळसा घालून बरोबर आचळाशी पोचलं. त्याला कुणी वाट दाखवली नव्हती. मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येकानं तोच वळसा घेतला. पॉपलिन घशातून बोलत होती. आधी संथ, मग भरभर, आणि दूध सुटलं की पुन्हा संथ. पुष्पलताचा श्वासही त्याच लयीत चालू लागला. अंगावर ऊन, नाकात मातीचा आणि दुधाचा वास. आपण जागे आहोत की मघाचंच स्वप्न अजून चालू आहे, तिला सांगता आलं नसतं.

एक पिल्लू आलं ते हललं नाही. पुष्पलता सांगितलेलं विसरली. गुडघ्यांवर सरकत गेली आणि ते उचललं. पॉपलिननं डोकं वर केलं, हुंगलं, पुन्हा खाली टेकवलं. पुष्पलतानं पदरानं त्याचं नाकतोंड पुसलं, पाठ चोळली, चोळत राहिली. ते शिंकलं. मग केवढ्यानं ओरडलं! बरोबर ओंजळीत मावत होतं.

चंपतराव आला तेव्हा ऊन कललं होतं. तो तिच्या शेजारी बसला. पिल्लं आचळांना ओळीनं लागली होती. एकही चेंगरलं नव्हतं. तो घरट्याकडे पाहत होता, मोडलेल्या फांद्यांकडे, गवताकडे.

"इतके साल मी याईले सिमेंट देऊन राहिलो."

"तुमाले कोनी सांगतलं नाई ना जी."

"त्याईनं सांगतलं ना," तो म्हणाला. "दर वेळेस सांगतलं. मी म्हनो, डोकं फिरलं."

पुष्पलतानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

थंडी पडायच्या आत त्यांनी पिल्लं टोपलीत घेतली, खाली साडी अंथरून. चंपतराव टोपली खाली धरून पुढं, त्यात नाक घालत पॉपलिन मागं, तिच्या मागं पुष्पलता. तुरीतून तशी वरात घरी आली. साडी बाळंतिणीच्या खोलीत तिच्या अंगाखालीच राहिली. पुष्पलतानं ती परत मागितली नाही.

मोडलेल्या तुरीची भरपाई म्हणून चंपतरावानं भावाला शेडमधल्या खताची ट्रॉली दिली. आणि धानाचं तणस, वाळला पेंढा, आणलं, शेडमध्ये रास केली. आता कुठलीही मादी जमीन उकरायला लागली की पुष्पलता तिच्यापुढं भारा टाकते. मादी तो पसरते, गोल करते, मग निवांत होते. एखाददुसरं पिल्लू अजूनही दगावतं, पण पूर्वीइतकी मरत नाहीत.

विकायची जनावरं न्यायला गाडी येते, तो दिवस ती शेडवर थांबत नाही. विकायच्या पिल्लांना ती नाव देत नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "खानाऱ्यानं खावं. पन माह्याजवळ हाय तोपर्यंत त्याची झोप चांगली झाली पाह्यजे."

कामिनी दीड वर्षानं आली, तीही मुलीच्या, उन्नतीच्या हट्टापायी. आधी गाडीतच बसून राहिली. उन्नती पिल्लू छातीशी धरून आली, तशी खाली उतरली. जाताना तिनं बहिणीचा हात धरला का, दोघी काय बोलल्या, मला माहीत नाही. पण त्या वर्षीच्या दिवाळीपासून फराळाचा डबा नंदनवनहून पाचगावला जातो.

गेल्या मे महिन्यात मी ब्लाऊज शिवायला टाकायला तिकडेच गेले. मनीषनगरचं दुकान तिनं सोडलं, मशीन आता कडुनिंबाखाली आहे. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पण शेडवर फवारे चालू होते, पत्र्यावर ओली पोती होती, आणि बाजूच्या डबक्यात मलमल आणि मांजरपाट चिखलात कुशीवर पडून होत्या. झोपेत मलमलचे पाय हलत होते.

"धावून राहिली," पुष्पलता म्हणाली.

"कुठं?"

"काय मालूम. रोज दुपारी धावते."

तेवढ्यात पलीकडून चंपतरावाची हाक आली, "पुष्पा वं, हे तरनी उभी राह्यली पाह्य, पाठीवर हात ठेवला तर!" माझं माप अर्धं राहिलं. ती चप्पल न घालताच निघाली, तापल्या मातीवरून, फवाऱ्याच्या थेंबांतून. मी खाटेवर पाय वर घेऊन तिची वाट पाहत बसले. मला काही घाई नव्हती.