काठावरची बोराटी

हे मी आजवर कुठंही बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्याच्या शेजारी बसून सोळा वर्षं बातम्या लिहिल्या त्या सहकाऱ्याजवळही नाही. नांदेडला एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी काम करतो. लोकांनी दडवलेलं बाहेर काढणं हा माझा पोटाचा धंदा. स्वतःचं दडवणं त्याहून सोपं असतं — हे मला फार उशिरा कळलं.

गोष्ट एका काटेरी फांदीची आहे, आणि दोन सख्ख्या भावांची. बातमीत मुद्दा पहिल्या वाक्यात द्यायचा असतो. इथं मला ते जमत नाही. थोडं थांबा.

चाळिशीत साखर निघाली, तेव्हा मी सायकल घेतली. गिअरची, जाड टायरची, डोंगरात चालणारी. रविवारी सकाळी आमचा सात-आठ जणांचा गट विष्णुपुरीच्या धरणापर्यंत जाऊन येई. त्यात युनूसभाई होते. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे; दुकान आजोबांच्या काळापासूनचं. वयानं माझ्याहून मोठे, पण चढावर सगळ्यांच्या पुढं. वर जाऊन थांबायचे आणि ओरडायचे, "या, पेपरवाले, या! बातमी शिळी होऊन राहिली!"

मग रविवारच्या पुरवणीसाठी एक पान लिहायचं ठरलं — जिल्ह्यातली सायकलची वाट. कार्यालयाच्या जीपमध्ये सायकल टाकून मी किनवटच्या बाजूला गेलो. तिकडं आपला काळा दगड संपतो आणि चुनखडी लागते. राखाडी, थरावर थर रचलेली. ओढ्यानं ती कापत कापत खोल घळ केली आहे. गावाच्या पाण्याच्या टाकीपासून निघायचं, पठारावर चढायचं, घळीच्या काठाकाठानं जायचं, खाली उतरून ओढा ओलांडायचा आणि पुन्हा टाकीशी. अठरा किलोमीटरचा पूर्ण फेरा. तिथं सकाळच्या उन्हात दगड पिवळा दिसतो. मी तसं लिहिलंही.

फक्त एका जागी फेरा तुटत होता. काठावरच्या पायवाटेवर बोरीच्या काट्यांची मोठी फांदी आडवी टाकलेली होती — बोराटी. बुंध्यावर दोन दगड ठेवलेले. आपल्याकडं कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. इकडून जाऊ नका.

बोराटी टाकणारा केरबा शेजारच्या वावरातच होता. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. म्हणाला, "वरून दगड दिसते, साहेब. खालून पोकळ हाय. पाण्यानं खाल्लं सारं. पावसाळ्यात माझं शेरडू गेलं तिथून." मग माझ्या सायकलीकडं बघून हसला. "घ्या खांद्यावर न या माझ्या वावरातून. माणूस सायकलीवर बसते हे लई पाह्यलं, सायकल माणसावर बसलेली आज पाहू."

मी त्याच्या कापसातून सायकल उचलून नेली. पलीकडं सोडून तो वेचणीला परत गेला. मी एकटा उरलो. ऊन चांगलं होतं.

फोटो काढला. चौकटीत बोराटी येत होती. वाट अडवलेली दिसत होती, आणि माझ्या मजकुराचं शीर्षक होतं पूर्ण फेऱ्याचं. मी परत तिथं गेलो. दगड काढले, फांदी बाजूला ओढली. तरी तिचं टोक दिसतच होतं. मग मी ती पायानं घळीत ढकलली. खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. मोकळ्या वाटेवर सायकल उभी केली आणि दुसरा फोटो काढला.

विसरलो असं मी म्हणू शकलो असतो — नाही का? पण विसरलो नव्हतो. पठारावर थांबलेल्या जीपशी आलो तेव्हा पूर्ण आठवत होतं. दुसरी फांदी तोडायला कुऱ्हाड नव्हती, हे खरं. केरबाला हाक मारायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. चालक भोंगा वाजवत होता आणि मला लाज वाटत होती. केरबा बघेल, टाकेल दुसरी — असं स्वतःला सांगून मी बसलो. मजकुरात वावरातून जाण्याचा उल्लेख केला नाही. "वाट काठाकाठानं जाते," एवढंच लिहिलं.

पान छापून आलं. पुढच्याच रविवारी युनूसभाई दोघांना घेऊन तिकडं गेले. काठ त्यांच्या सायकलीखाली तुटला. मधल्या एका खडकावर ते अडकले, म्हणून वाचले. खुब्याचं हाड मोडलं. आज ते काठीनं चालतात. सायकल त्यांनी विकून टाकली.

त्या अपघाताची बातमी मीच लिहिली. पंचनाम्याच्या वेळी मी तिथं हजर होतो. केरबा सगळ्यांना सांगत होता, "म्या टाकली होती बोराटी. आईची आन, टाकली होती." पोलिसांनी विचारलं, मग गेली कुठं? "या साहेबांनी पाह्यली होती," तो म्हणाला; पण मला कुणी विचारलं नाही. मी वहीत लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी छापून आलेलं वाक्य मला पाठ आहे: "धोक्याची कोणतीही खूण घटनास्थळी आढळली नाही." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. असं वाक्य कसं बांधायचं, हे मी नोकरीत शिकलो आहे. त्याच संध्याकाळी मी बोराटीचा पहिला फोटो पुसून टाकला.

केरबा खोटा ठरला. पण माणूस स्वतःला खोटं मानत नाही. त्याला उत्तर हवं होतं आणि ते त्याच्या बांधावरच होतं. लागून त्याच्या धाकट्या भावाचं, गंगारामचं वावर. गंगारामनं त्याच आठवड्यात बांधावरची कुपाटी, काट्यांचं कुंपण, नवी केली होती. बोरीचे ताजे काटे रचले होते. गावात कुणीतरी म्हणालं, कुपाटीला कमी पडली असेल, नेली असेल उचलून. केरबाला ते पटलं. मला वाटतं, पटवून घ्यावं लागलं. गंगारामनं लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं. दोघं बोलायचे थांबले. गंगारामच्या मुलीच्या लग्नात सख्खा चुलता मांडवात नव्हता.

हे मला कसं कळलं? केरबाच सांगायचा. कुणाकडून तरी माझा नंबर घेऊन तो अधूनमधून फोन करायचा. मी पेपरातला, त्या दिवशी तिथं असलेला माणूस — माझ्यावर त्याचा विश्वास होता. युनूसभाईंचाही होता. त्यांना भेटायला गेलो तर तेच माझी समजूत काढायला लागले. "तुमची काय गलती, भाई? तुम्ही चांगलं लिहिलं. शेतवाल्यानं झूट सांगितलं." त्यांच्या घरचा चहा मी घेतला.

गेल्या हिवाळ्यात केरबाचा शेवटचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी कार्यालयात होतो. गंगारामला नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. काविळीनं लिव्हर गेलं होतं. त्यानं निरोप धाडला होता — दादा, एकदा ये, म्या काटी नेली न्हाई.

"साहेब," केरबा म्हणाला, "तुमी हजर होता तवा. तुमीच सांगा. जाऊ का नको?"

तेव्हा सांगता आलं असतं. समोर कुणी नव्हतं, पोलीस नव्हते, प्रकरण केव्हाच मिटलं होतं. एका वाक्याचं काम होतं. माझं काय गेलं असतं? नोकरीसुद्धा कदाचित गेली नसती.

मी म्हणालो, "केरबाभाऊ, मी काय सांगू? खूण तिथं नव्हती, एवढंच मला माहीत."

तो म्हणाला, "म्हंजे नेलीच त्यानं."

त्यानं फोन ठेवला. तो दवाखान्यात गेला नाही. तिसऱ्या दिवशी गंगाराम वारला. मातीला केरबा आला होता, लांब लिंबाखाली उभा होता, असं मला नंतर कुणाकडून तरी कळलं. माझ्या कार्यालयापासून तो दवाखाना सायकलीवर दहा मिनिटांवर आहे. त्या तीन दिवसांत मीही तिकडं गेलो नाही.

आता हे लिहिलं आहे आणि ते छापून येईल. केरबाला वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हाही मला हे माहीत होतं.