तात्यांच्या वहीचं शेवटचं पान

पुण्याहून शिकून परतताना वाटलं होतं, नळदुर्गात मुलींची शाळा दिसेल. आमदार झाल्यावर तात्यांनी पहिल्याच सभेत तसा शब्द दिला होता. मी मोटारीतून उतरले ती थेट तिकडंच गेले. खोली होती, फळाही होता. आत छतापर्यंत कडबा!

आता तात्या निवडणुकीला उभे राहणार नव्हते. पुतण्या दिनकरराव उभे होते, आणि रविवारी तात्यांच्या सत्कारात वाचायचं मानपत्र लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं होतं. माणूस मोठा की नुसता बोलघेवडा, हे ठरवायला मी माहिती गोळा करत निघाले. माहिती मिळेना. किस्से मात्र एकाला विचारलं की तिघं सांगायचे!

*

मतदानाला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. मागच्या निवडणुकीत येरमाळ्याच्या एका आजीनं तात्यांच्या पेटीला हळदकुंकू लावून नारळ वाहिला होता. मी विचारलं, "आजी, औंदा मत कुणाला?"

"त्या पेटीला वाहिला, तर पाऊस न्हाय पडला. औंदा दुसरीला वाहून बघते!"

*

तात्यांनी तालुकाभर रस्ते केले, स्वतःचं गाव सोडून. गावकरी विचारायला आले तेव्हा म्हणाले, "आधी आपल्याच गावचा केला तर लोक काय म्हंतील?"

एक म्हातारा म्हणाला, "लोक काय म्हंत्यात ते आमच्या चिखलात हुबं राहून ऐका!"

*

तात्या निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. भाषण मराठीत, पण वहीत लिहायचे उर्दू अक्षरांत. सभेत कुणी टोमणा मारला, "मराठी राज्य पाह्यजे, आन् कागद उर्दू?"

"अक्षर निजामाच्या शाळंचं हाय, शब्द माझ्या आईचे हायत!"

हा किस्सा सांगताना त्यांचे कारकून हमीदचाचा दर वेळी डोळे पुसतात. मला मात्र कडबाच दिसायचा.

*

दिनकररावांनी मानपत्राचा मसुदा मागितला. वाचून म्हणाले, "ताई, शाळा झाली असं लिहा."

"झाली नाही."

"म्या निवडून आलो की होईल. आत्ताच लिहून टाका, लई फरक न्हाय!"

मी रात्रभर चिडून होते.

*

शुक्रवारी दुपारी तात्यांची शेवटची सभा होती. हमीदचाचा चहा सांगायला गेले, म्हणून भाषणाची वही मीच टेबलावर उघडून ठेवली, मराठी वही उघडतात तशी. उर्दू उजवीकडून लिहितात, त्यामुळं ते शेवटचं पान, हे मला कुठं ठाऊक!

तात्यांनी चष्मा लावला. पानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि वाचू लागले.

"मुलींची शाळा माझ्याकडनं झाली न्हाय. खोली बांधली, मास्तरीण आणली न्हाय. ज्या पोरी घरात राह्यल्या, त्यांची म्या माफी मागतो."

दिनकरराव कानाशी वाकले, "काका, पान चुकलं!"

तात्या माइकवरच म्हणाले, "चुकलं आसंल. पन लिव्हलंय म्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिनकररावांना निरोप धाडला की मानपत्र रविवारपर्यंत होणार नाही, आधी तात्यांची वही वाचायची आहे. मग पाटी-पेन्सिल घेऊन हमीदचाचांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"चाचा," म्हटलं, "अलिफपासून शिकवा."