रुपयाला आणाभर तेल

छगन भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नेवाशाच्या पलीकडे प्रवरेच्या काठी त्याचं गाव. तिथे तो विजेला भ्यायचा, तलाठ्याला भ्यायचा, चुलीवरच्या दुधाला उकळी येताना पाहून मागे सरायचा. पोरीबाळी त्याला हसत. आणि गंमत अशी की पंचक्रोशीत ज्या यंत्राजवळ जायला पैलवानांची छाती होत नसे, ते यंत्र चालवायचा हाच माणूस.

यंत्र म्हणजे इंजिनाची करवत. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा नगरच्या लष्करी छावणीतलं जुनं सामान लिलावात निघालं. वखारवाले दत्तोपंत तिथून ती घेऊन आले. दोन माणसांनी उचलायची, एका टोकाला इंजिन, पुढे लांब पातं आणि पात्याभोवती दातेरी साखळी फिरायची. युद्धात चार वर्षं छगन त्याच छावणीत पंपांवर हेल्पर होता, म्हणून दत्तोपंतांनी त्याला बोलावलं. करवतीच्या दुसऱ्या टोकाला सहादेव. सहादेव म्हणजे छगनची धाकटी बहीण चांगुणा, तिचा नवरा.

असल्या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. छावणीतल्या साहेबानं गॅलनला अर्धा पाइंट असं शिकवलं होतं. छगननं ते आपल्या पद्धतीनं ध्यानात ठेवलं होतं, रुपयाला आणा. सोळा मापं पेट्रोल, त्यात एक माप तेल. जास्त झालं तर प्लगवर काजळी धरते आणि इंजिन गुदमरतं. कमी झालं तर आतला दट्ट्या तापून जागीच चिकटतो. तसा चिकटलेला एक पंप त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. पंप बंद पडला तर पाणी थांबतं, एवढंच. पण निम्म्या कापलेल्या झाडात करवत अडकली तर ते झाड उभंही नसतं आणि पडलेलंही नसतं. वारा म्हणेल तिकडे ते जातं, आणि खाली दोन माणसं असतात. छगनची झोप उडवायला एवढं पुरेसं होतं.

म्हणून मिसळताना तो कुणाशी बोलायचा नाही. मिसळून झालं की डब्यात बोट बुडवायचा आणि अंगठ्याला चोळायचा. पेट्रोल उडून जातं, तेल असलं तर बोट बुळबुळीत राहतं. ही त्याची परीक्षा. सहादेव चेष्टा करायचा, "छगनराव, अत्तर लावून कुटं निघाला?" छगन हसायचा नाही.

आणखी एक गोष्ट होती. त्याच्या घराण्यात शनिवारी तेलाला हात लावत नसत. विकत घ्यायचं नाही, द्यायचं नाही, कामाला वापरायचं नाही. शनिवारचं तेल तेवढं देवाचं. कुठल्याशा आजोबानं हे मोडलं आणि वर्षाच्या आत घरातलं माणूस गेलं, असं बाप सांगायचा. छगनला एवढं सांगणं रग्गड झालं. शनिवारच्या कामाचं पेट्रोल तो शुक्रवारीच मिसळून ठेवायचा.

माघातल्या त्या शुक्रवारी तो ओट्यावर डबा भरत बसला होता. पेट्रोल ओतून झालं आणि चांगुणा आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"दादा, उद्या मळ्यातली चिंच पाडताय म्हनं. त्या हिरीवरली?"

"व्हय."

"मग ह्यास्नी हिरीच्या अंगाला उभं करू नगस. पाय मागं घ्यायला तितं जागा न्हाई."

ही गोष्ट छगनच्याही मनात आठ दिवस ठुसठुसत होती. करवत अवजड, इंजिनाकडच्या माणसाला पाय रोवायला मोकळी जागा हवीच होती. म्हणजे सहादेव विहिरीच्या काठावर, हातभर जागेत.

"दुसरा विलाज न्हाई गं," तो म्हणाला.

"मग तुज्यावर सोडलंय मी," एवढंच बोलून ती गेली. आईबाप गेल्यावर छगननंच तिला वाढवलं होतं. तिनं असं म्हटल्यावर त्याला बसवेना. तो उठून तडक मळ्यात गेला, काठ पावलांनी मोजला, अंधार पडल्यावर परतला, आणि डब्याला बूच लावून झोपला.

सकाळी उठला तो धसका घेऊनच. तेल ओतलं होतं की नाही? आठवेना. पेट्रोलची धार आठवत होती, चांगुणाचा चेहरा आठवत होता, तेलाचं माप काही आठवत नव्हतं. घामाघूम होऊन तो आधी वेशीवरच्या मारुतीला गेला. वाटीभर तेल वाहिलं, देवाच्या पायांना बोटांनी चोळलं, हात धोतराला पुसले. घरी येऊन बूच काढलं, बोट बुडवलं, अंगठ्याला चोळलं. बुळबुळीत होतं. छगननं इतका मोठा श्वास सोडला की शेजारची म्हैस वळून पाहू लागली.

मळ्यात दत्तोपंत चार गड्यांसह दोर धरून लांब उभे होते. झाड मोकळ्या रानाकडे ओढून पाडायचं होतं. सहादेव विहिरीच्या काठावर उभा राहिला. करवत सुरू झाली आणि चिंचेचा लालसर भुसा उडू लागला. पातं निम्म्याला गेलं, तेव्हा छगनला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. इंजिनाचा आवाज बारीक, चिरका येत होता. तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. आणि धूर? तेलाचा नेहमीचा निळसर धूर कुठेच नव्हता.

त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. सकाळी बोटांना लागलं ते डब्यातलं तेल नव्हतंच. ते मारुतीचं होतं.

छगनची पाचावर धारण बसली. त्यानं झटक्यात इंजिन बंद केलं. भोवती एकदम शांत झालं आणि त्या शांततेत चिंच कर्रर्र बोलली.

"दाजी, पाचर ठोका आन् निगा तितनं!"

सहादेवनं एका हातानं पातं धरून दुसऱ्यानं पाचर ठोकली. "पातं सोडलं तर चिमटंल, छगनराव. काय असंल ते बिगी करा."

करवतीच्या पेटीत तेलाची बाटली होती, माप होतं. छगन बाटलीपाशी बसला आणि त्याचा हात पुढे होईना. शनिवार होता. घरातलं माणूस जातं. घरातलं माणूस म्हणजे कोण, तर चांगुणा आणि हा समोर काठावर उभा असलेला. तेल घातलं तर देव नेईल आणि नाही घातलं तर झाड नेईल, अशी त्याची गत झाली. आयुष्यात तो इतका कधी भ्याला नव्हता. वरून एक वाळकी फांदी तुटून सहादेवच्या खांद्याला चाटून विहिरीत पडली. त्या आवाजासरशी छगननं बूच उपटलं.

टाकीतलं पेट्रोल परत सोबतच्या डब्यात ओतलं. माप तोंडोतोंड भरलं, मग जळालेल्या पेट्रोलच्या हिशेबानं थोडं कमी केलं. अशा वेळीही त्याचा रुपयाला आणा सुटला नाही. डबा हलवला, टाकी भरली. इंजिन सुरू करायची दोरी ओढली. इंजिन घट्ट. पुन्हा ओढली, नुसतं खोकलं. दत्तोपंत लांबून ओरडत होते ते त्याला ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या ओढीला इंजिन धरलं आणि निळ्या धुराचा लोट उठला. तो धूर डोळ्यांत जाऊनही छगननं डोळे मिटले नाहीत.

झाड मोकळ्या रानात पडलं. छगनचे हात मुठीला इतके चिकटले होते की सहादेवनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. "तुमी लई भेता बुवा," तो म्हणाला, आणि स्वतःच विहिरीपासून दहा पावलं मागे सरला.

त्यानंतर छगन सकाळी मारुतीला तेल वाहीना. काम उरकल्यावर संध्याकाळी वाहायचा. सकाळी नुसताच लांब उभा राहून पुटपुटायचा, "देवा, हात कोरडं ठिवायचं हायेत. रागावू नगंस." महिनाभरानं चांगुणानं त्याला तिथेच गाठलं.

"दादा, सकाळच्याला देवाला तेल का घालीना झालास?"

छगननं सगळं सांगितलं. बोटांचं सांगितलं, शनिवारी ओतलेल्या तेलाचं सांगितलं. आदल्या दिवशी ती आली म्हणून तेल राहिलं, तेवढं मात्र गिळलं. चांगुणा ऐकून घेऊन तशीच निघून गेली. आता ही आपलं तोंड पाहणार नाही, ह्या भीतीनं छगननं तो आठवडा काढला.

पुढच्या शनिवारी पहाटे ती दारात आली. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात चुलीतली राख. मागे सहादेव ओट्यावरचा पेट्रोलचा डबा उचलून उभा होता.

"हात पुडं कर," ती म्हणाली.

तिनं छगनची बोटं राखेनं घासली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग धुऊन पदरानं कोरडी केली. मग तिनं स्वतः डब्याचं बूच काढलं आणि ती म्हणाली, "आता बोट बुडवून बघ. नीट बघ, दादा."