सुजाताच्या सहा नळ्या

सुजाता गेली हे सांगायला डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी रडले नाही. मी विचारलं, "फुलातल्या जंतूंनी नेली ना तिला?" त्यांना काही कळलं नाही. म्हणाले, "आजी, डेंग्यू होता. सांगितलं होतं ना." सांगितलं होतं. पण माझा विश्वास नव्हता. माझ्या घरच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी, सहा नळ्यांत जिवंत जंतू बसले होते आणि ती रोज त्यांना हात लावत होती. मग दुसरं कोण मारणार?

सुजाता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण वारली तेव्हा ही पाच वर्षांची होती, तेव्हापासून प्रताप नगरच्या या दोन खोल्यांत माझ्याकडेच. मी चौथी शिकलेली, दवाखान्यात आया होते. तीस वर्षं सुया-कात्र्या उकळल्या. जंतू म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. रिकाम्या झालेल्या खाटा मीच पुसायची. घरी आल्यावर पोरीची वाटी-चमचासुद्धा उकळायची. आणि हीच पोरगी मोठी होऊन जंतूंच्या मागे लागली. कॉलेजात शिकवायची आणि दर फाल्गुनात राजस्थानच्या वाळवंटात जायची. तिथे रोहिड्याचं झाड केशरी फुलतं. त्या फुलातला रस ती केसासारख्या बारीक काचेच्या नळीने ओढून घ्यायची. त्या रसात जंतू राहतात म्हणे. एवढ्या उन्हात, एवढ्या गोडात, जिथे दुसरं काही टिकत नाही तिथे. मग ते नळीत वाढवायचे. तळाशी जेलीसारखं काहीतरी आणि त्यावर पांढरी साय... ती साय म्हणजेच ते.

पहिल्या वर्षी तिने नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि आंघोळीला गेली. मी त्या पातेल्यात घालून खळखळ उकळल्या. ती बाहेर आली, पातेलं पाहिलं आणि ओल्या केसांनी खाली बसली. मला वाटलं ओरडेल. एवढंच म्हणाली, "मावशी, आता पुढच्या फाल्गुनापर्यंत काहीच नाही."

नंतर तिनेच मला समजावलं. "काहून भेऊन राहिली वं मावशी? तुह्या दह्यातही असेच बसले हायेत."

"मंग जेवताना सांगू नको मले," मी म्हटलं.

ती हसली. मग म्हणाली, "फूल दोन दिवसांत गळते. ते गळलं का हे मेले. पाखराच्या चोचीले लागून दुसऱ्या फुलात गेले, तेवढेच वाचतात."

तरी भीती काही गेली नाही. पुढे कितीतरी वर्षं फ्रिज उघडताना पदर नाकाला लावत होते.

यंदा पोळ्याच्या सुमारास कॉलेजातला फ्रिज बिघडला. बऱ्याच नळ्या तिथेच खराब झाल्या. वाचलेल्या सहा तिने घरी आणल्या. आठ-दहा दिवसांत तिला ताप भरला. दवाखान्यात माझ्याशी शेवटचं बोलली तेही हेच, "मावशी, उकळशील नाही ना?" मी नाही म्हटलं. आणि तिला पोचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी पातेलं गॅसवर ठेवलं.

नळ्या अजून फ्रिजमध्येच होत्या. पाणी तापत होतं तेवढ्यात डासांची तपासणी करणारा माणूस आला. घरात डेंग्यूचा पेशंट होता, म्हणून. फ्रिजकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ खिडकीतल्या कूलरकडे गेला आणि टाकीत बॅटरी मारली.

"आजी, हे पाहा."

उन्हाळ्यातलं पाणी मी काढलंच नव्हतं. नळाचं स्वच्छ पाणी होतं. स्वच्छ पाण्याची मला कधी भीती वाटली नाही. त्यात सगळीकडे डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सुजाताची खाट त्या खिडकीलाच लागून.

"यातूनच का गा?" मी विचारलं.

"मच्छर कुठूनही येते ना आजी. शेजारूनही येते," तो म्हणाला. चांगला माणूस होता... माझ्याकडे न बघता बोलला.

पातेल्यातलं उकळतं पाणी मी त्या टाकीत ओतलं.

कॉलेजातल्या बाई म्हणतात, नवा फ्रिज आला की नळ्या घेऊन जाऊ. मी दोनदा फोन केला. इथून जवळच मौद्याला एवढी वीज तयार होते, पण आमच्याकडे लाइट जायची ती जातेच. पंखा थांबला की मी उठते. मग कोपऱ्यावरून बर्फ आणते आणि नळ्यांच्या डब्याभोवती रचते. दही-भाजी सगळं मी बाहेर काढलं आहे, फ्रिजमध्ये तेवढा एकच डबा. प्रत्येक नळीवर तिच्या अक्षरात लिहिलंय, रोहिडा, आणि पुढे आकडा. आत अजून काही जिवंत आहे का ते मला ओळखता येत नाही. ज्या पोरीला विचारायचं ती नाही.

आज सकाळपासून लाइट नाही. बर्फ आतच ठेवून दिला आहे. फ्रिजच्या दाराला हात लावून बसले आहे. उघडून बघावंसं फार वाटतं... पण उघडत नाही. थंडावा जाईल.