खिडकीच्या मापाचा कूलर

जळगावात आमची भाड्याची खोली पश्चिमेला होती आणि तिची खिडकी उंच पण अरुंद. बाजारातला तयार कूलर तिथे लावायचा म्हणजे फटींना पुठ्ठे ठोकत बसा. मग शेजारणीने सांगितलं, एक कारखानदार खिडकीच्या मापाने कूलर करून देतो. तो घरी आला, टेप लावला, रंग विचारला, पाणी डावीकडून भरणार की उजवीकडून तेही विचारलं. "परवा आणून देतो," म्हणाला.

माझ्या सासऱ्यांना, आबांना, ते 'परवा'च खटकलं. ते एरंडोलकडचे. गाडीचं चाकसुद्धा सुताराच्या दारात बसून करवून घेतलेला माणूस.

"इतलं लवकर मापनं काम व्हस का?" ते मला म्हणाले. "कोनी तरी परत करेल व्हई."

कोणीतरी परत केलेला कूलरच आपल्या गळ्यात मारतील, अशी पाल माझ्याही मनात चुकचुकली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एकसारखी करडी खोकी छतापर्यंत रचलेली. आबांनी एकावर टिचकी मारली.

"यामा मन्हा कोनता शे?"

"यात तुमचा अजून तरी कोणताच नाही, आबा," कारखानदार म्हणाला. "खोकं, टाकी, मोटर आम्ही घाऊक करून ठेवतो. सगळ्यांना तेच. ऑर्डर आली की खिडकीत बसणारं पुढचं तोंड आणि स्टँड तेवढं तुमच्या मापाचं कापायचं. रंगही शेवटीच. म्हणून लवकर होतं."

मला ते पटलं. आबांना मात्र त्याने लबाडी कबूल केल्यासारखं वाटलं. आमच्या कूलरचं तोंड कापून होईपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत. पत्रा कापल्यावर त्यांनी तो स्वतःच्या वितीने मोजला.

कूलर खिडकीत अचूक बसला. फट नाही, पुठ्ठा नाही, हवा गार. तरी आबा गल्लीत ज्यांच्याकडे त्याच कारखान्याचे कूलर होते, त्यांच्या घरी पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन आले.

"बठ्ठा सारखाच शेतस," परत आल्यावर म्हणाले. सगळे सारखे, म्हणजे आपला वेगळा नाहीच, असा त्यांचा सूर.

त्यानंतर मी शेजारणीकडे बसले की माझं गप्पांत लक्ष लागेना. तिच्या कूलरची मोटर आमच्यापेक्षा कमी आवाज करते की काय, असं वाटत राहायचं. विचारायची मात्र सोय नव्हती.

पुढे यजमानांची बदली धुळ्याला झाली. तिथली खिडकी रुंद आणि बुटकी. यजमानांनी जळगावहून फक्त नवं तोंड आणि स्टँड करून आणलं. जुनं स्क्रू काढून उतरवलं, नवं चढवलं, आणि दुपारच्या आत कूलर सुरू झाला. नवा घ्यावा लागला नाही म्हणून मी खुशीत होते.

आबा खाटेवर बसून सगळं पाहत होते.

"मंग जळगावमा बी तो आपला मापना नव्हताच," ते म्हणाले.

मी टाकीत पाणी ओतत राहिले.